वाचकांचे प्रश्न : गॅरेजचे निदान आणि बिलातील खर्च

प्रश्न : माझ्या मोटारीच्या डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला म्हणून मी अनेक शाखा असलेल्या एका सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी दाखवली. त्यांनी यंत्र जोडले आणि पाच मिनिटांत ‘ऑक्सिजन सेन्सर गेला आहे, कॅटलिटिक कन्व्हर्टरही बदलावा लागेल’ असे सांगून मोठे एस्टिमेट हातात ठेवले. यंत्राच्या छापील कागदावर पी ०१७१ एवढा एकच कोड आहे. मी गाडी तशीच परत आणली. दुसऱ्या एका मेकॅनिकने अर्धा तास शोधाशोध करून इंजिनाजवळची चिरलेली रबरी नळी बदलली आणि दिवा गेला. पहिल्या ठिकाणी मला मुद्दाम फसवले, की त्यांनाच दोष कळला नाही?

उत्तर : आपण तो कागद जपून ठेवलात हे फार चांगले केलेत, कारण आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्यातच आहे. पी ०१७१ याचा अर्थ एवढाच, की इंजिनात जाणाऱ्या मिश्रणात इंधनाच्या मानाने हवा जास्त आहे. ती जास्त का आहे, हे कोड सांगत नाही. नळी चिरली असेल, इनटेकचे, म्हणजे इंजिनाकडे हवा नेणाऱ्या मार्गाचे, गास्केट गळत असेल, हवा मोजणाऱ्या सेन्सरवर धूळ साचली असेल किंवा इंधन पंप पुरेसा दाब देत नसेल, तरी कोड हाच येतो. इंजिनाच्या धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरने येथे केवळ तक्रार नोंदवली आहे. तोही क्वचित खोटे बोलतो, हे खरे. पण तपासणी न करता त्यालाच बदलायला काढणे म्हणजे चोरीची वर्दी देणाऱ्यालाच कोठडीत टाकण्यासारखे आहे. धुरातले घातक वायू कमी करणाऱ्या कॅटलिटिक कन्व्हर्टरची कार्यक्षमता घटली, तर सहसा पी ०४२० हा वेगळा कोड येतो. आपल्या कागदावर तो नाही. म्हणजे एस्टिमेटमधील सर्वांत महाग वस्तूला त्यांच्याच यंत्राचा आधार नव्हता.

अमेरिकेत १९९६च्या मॉडेलपासून प्रवासी मोटारींना असे कोड देणारी ही निदानाची प्रमाणित व्यवस्था सक्तीची झाली आणि पुढे ती जगभर रुळली. तिचा फायदा मोठा आहे, पण तिच्यामुळे कोड वाचणे म्हणजेच निदान असा समज मालकांमध्ये पसरला आणि काही गॅरेजांनी तो आनंदाने जोपासला. खरे काम कोड वाचून झाल्यावर सुरू होते. इंजिन चालू ठेवून स्कॅनरवर ‘फ्युएल ट्रिम’, म्हणजे गाडीचा संगणक इंधन किती कमी-जास्त करतो आहे तो आकडा, पाहतात. मंद गतीत हा आकडा बराच अधिक असेल आणि रेस दिल्यावर शून्याकडे सरकत असेल, तर बाहेरची हवा कोठून तरी आत शिरत असल्याचा तो बळकट संकेत असतो. मग इनटेकमध्ये धूर सोडून तो कोठून बाहेर पडतो ते शोधतात. या कामाला वेळ लागतो, कौशल्य लागते आणि त्याबद्दल वेगळी तपासणी फी मागितली तर ती द्यावी. फुकट तपासणीची पाटी लावणाऱ्या गॅरेजला तो वेळ सुटे भाग विकूनच वसूल करावा लागतो, हे लक्षात असू द्यावे.

मुद्दाम की अज्ञानाने, हे बाहेरून ठरवणे कठीण आहे. मायकेल डार्बी आणि एडी कार्नी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये नेमक्या याच अडचणीचा विचार केला होता आणि त्यांच्यासमोर मोटार दुरुस्तीचेही उदाहरण होते. दुरुस्ती गरजेची होती की नव्हती, हे ग्राहकाला ती करून घेतल्यानंतरही कळत नाही. गाडी नीट चालते एवढेच त्याला दिसते. शिवाय दोष सांगणारा आणि दुरुस्ती विकणारा माणूस एकच असतो. शाखांच्या साखळीत याला आणखी एक गोष्ट जोडली जाते : काउंटरवरच्या सर्व्हिस ॲडव्हायझरला अनेकदा विक्रीचे लक्ष्य आणि कमिशन असते. १९९२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या ग्राहक विभागाने सीअर्स या कंपनीच्या मोटार दुरुस्ती केंद्रांवर अनावश्यक कामे विकल्याचा आरोप केला. ग्राहक बनून गेलेल्या तपासनिसांच्या गाड्यांना सुमारे ९० टक्के वेळा गरज नसलेले काम सुचवले गेल्याचे तपासात आढळले होते. त्यानंतर कंपनीने ॲडव्हायझरांचे कमिशन बंद केले. तेथील प्रत्येक कर्मचारी मुळातच लबाड होता असे मला वाटत नाही. महिन्याचे लक्ष्य डोक्यावर असले की संशयाचा फायदा नव्या सुट्या भागाला मिळतो. म्हणून आपण माणसाच्या हेतूचा शोध घेत बसू नये. ‘हा भाग खराब आहे हे कोणत्या चाचणीत दिसले आणि तिचा आकडा काय आला’, एवढे विचारावे. ज्याने चाचणी केली आहे, त्याला याचे उत्तर द्यायला अडचण पडत नाही.

प्रश्न : ‘ब्रेक पॅड २० टक्केच उरले आहेत, डिस्कही बदला, नाहीतर जबाबदारी आमची नाही’ असे मला सांगण्यात आले. ब्रेकच्या बाबतीत नाही म्हणण्याची भीती वाटते.

उत्तर : ती भीती रास्त आहे आणि विकणाऱ्यालाही ती ठाऊक असते. टक्केवारी बाजूला ठेवून मिलिमीटर विचारा. नव्या पॅडवरील घर्षणाचा थर बहुतेक मोटारींत सुमारे १० ते १२ मिलिमीटर असतो आणि तो ३ मिलिमीटरच्या आसपास आला की बदलण्याची वेळ झाली असे धरतात. नेमकी मर्यादा आपल्या गाडीच्या पुस्तिकेत पाहावी. २० टक्के म्हणजे पूर्ण जाडीच्या २०, की वापरता येणाऱ्या जाडीच्या, हे कोणी सांगत नाही आणि या दोन उत्तरांत काही हजार किलोमीटरांचा फरक पडू शकतो. डिस्कच्या बाबतीत तर मोघमपणाला जागाच नाही, कारण तिची किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते. चाक काढलेले असताना तेथे उभे राहा, तो आकडा वाचा आणि मायक्रोमीटर लावून मोजायला सांगा.

दुसरी बाजूही सांगायला हवी. चाकाच्या फटीतून डोकावून ‘पॅड तर चांगले दिसतात’ असा निष्कर्ष मालक काढतात, तो पुष्कळदा चुकतो. बाहेरून दिसतो तो बाहेरचा पॅड. पॅड डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिना जाम झाल्या असतील तर आतला पॅड पत्र्यापर्यंत झिजलेला असू शकतो. अशा वेळी गॅरेजचे म्हणणे खरे असते. मात्र पिना साफ करून ग्रीस न लावता नुसते पॅड बदलले, तर आतला पॅड पुन्हा तसाच झिजतो आणि आपण पुन्हा तेथेच येतो.

प्रश्न : प्रत्येक सर्व्हिसिंगच्या वेळी काळाकुट्ट एअर फिल्टर आणून दाखवतात आणि त्यासोबत इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग, एसीचे निर्जंतुकीकरण अशी यादी वाचतात. यातले खरे काय?

उत्तर : फिल्टरचा हा प्रयोग माझ्यावरही झाला आहे. फिल्टर घरीच बदलताना त्याच्या कडेवर पेनने तारीख लिहायची मला सवय आहे. त्यानंतर दोनच महिन्यांनी गाडी सर्व्हिसिंगला दिली, तेव्हा ॲडव्हायझरने ट्रेमध्ये घालून आणलेल्या फिल्टरच्या घड्यांत वाळलेली पाने होती, कडेचा रबर कडक झाला होता आणि तारीख कोठेच नव्हती. मी शांतपणे माझ्या गाडीचे बॉनेट उघडायला सांगितले. आतल्या फिल्टरवर माझे अक्षर होते. ‘गडबडीत दुसऱ्या गाडीचा आला असेल’ असे उत्तर मिळाले. असेलही. तेव्हापासून मी कोणताही भाग ट्रेमध्ये पाहत नाही, गाडीतच पाहतो.

यादीसाठी एक साधी कसोटी आहे : गाडीसोबत आलेली पुस्तिका काढा आणि त्या किलोमीटरला किंवा त्या वर्षाला कंपनीने काय सांगितले आहे ते पाहा. इंजिन फ्लश आणि तक्रार नसतानाचे इंजेक्टर क्लीनिंग बहुतेक पुस्तिकांत सापडत नाही. याउलट ब्रेक ऑइल बदलायला सांगितले, तर ते लगेच थोतांड समजू नका. ते हवेतली आर्द्रता शोषते, त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो आणि लांब उतारावर ब्रेक दगा देऊ शकतात. पुष्कळ कंपन्या ते साधारण दोन वर्षांनी बदलायला सांगतात.

प्रश्न : बिलात चार तासांची मजुरी लावली होती, गाडी दोन तासांत परत मिळाली. ही लबाडी नाही का?

उत्तर : नेहमीच नाही. कोणत्या कामाला किती तास लागावेत याची पुस्तके असतात आणि मजुरी त्यांतील ठरावीक तासांनुसार लावली जाते. सराईत मेकॅनिकने काम लवकर संपवले तर तो फायदा गॅरेजचा, अडले तर तोटाही त्यांचाच. लबाडी शोधायची असेल तर एकमेकांत मिसळलेल्या कामांत शोधा. ज्या इंजिनांत टायमिंग बेल्ट काढल्यावरच वॉटर पंप हाताला लागतो, त्यांत दोन्ही एकदम बदलताना उघडझाक एकदाच होते. तरीही दोन्ही कामांची पूर्ण मजुरी स्वतंत्रपणे लावलेली दिसली, तर ती ओळ दाखवून स्पष्टीकरण मागण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

प्रश्न : पैसे देऊन झाले आहेत आणि आता संशय येतो आहे. काही करता येईल का?

उत्तर : जुना भाग हाती असेल तर पुष्कळ करता येईल, नसेल तर थोडे. तो भाग, जॉब कार्ड आणि बिल घेऊन दुसऱ्या, शक्यतो सुटे भाग न विकणाऱ्या तंत्रज्ञाकडून लेखी मत घ्या. मग शाखेला नव्हे, तर कंपनीच्या मुख्य कार्यालयाला पत्र लिहा. पत्रात ‘फसवले’ हा शब्द टाळा; तारीख, किलोमीटरचा आकडा, कोणता भाग कोणत्या कारणासाठी बदलला आणि दुसऱ्या तपासणीत त्याचे कोणते माप निघाले, एवढेच लिहा. तेथे दाद लागली नाही, तर हेच पत्र ग्राहक तक्रारीसोबत जसेच्या तसे जोडता येते. पुढच्या वेळी मात्र गाडी देतानाच जॉब कार्डवर दोन वाक्ये लिहून घ्या : बदललेले भाग परत हवेत आणि एस्टिमेटबाहेरचे काम विचारल्याशिवाय करू नये. काही भाग पुरवठादाराला परत द्यावे लागतात आणि जुन्या भागाची किंमत नव्यातून वजा होते. तसे असेल तर निदान ते डोळ्यांनी पाहून त्यांचे फोटो काढून ठेवा.