शिक्षा झाली, पण वहीचे काय?

प्रश्न : माझा मुलगा आठवीत आहे. मधल्या सुट्टीत त्याने आणि त्याच्या दोन मित्रांनी वर्गातल्या एका मुलाच्या चित्रकलेच्या वहीवर शाई ओतली. तो मुलगा एलिमेंटरीच्या परीक्षेची तयारी करत होता. शाळेने तिघांना दोन दिवस घरी बसवले आणि ‘मी पुन्हा असे करणार नाही’ हे वाक्य शंभर वेळा लिहून आणायला लावले. आता मुलगा म्हणतो, ‘शिक्षा भोगली, विषय संपला.’ पालकसभेत पुनर्स्थापनात्मक न्यायाचा उल्लेख झाला होता. तो म्हणजे काय, आणि आता काही करता येईल का?
— एक आई, कोथरूड

उत्तर : तुमचा मुलगा चुकीचे बोलत नाही. हिशेब त्याच्यात आणि शाळेत होता, आणि तो त्याने चुकता केला. मात्र ज्याच्या वहीवर शाई सांडली, त्याला या सगळ्यात कोणी काही विचारल्याचे तुमच्या पत्रात कुठेच दिसत नाही, आणि मला सर्वांत जास्त तेच खुपते. पुनर्स्थापनात्मक न्यायाची सुरुवात त्या मुलापासून होते : त्याचे काय बिघडले, ते भरून निघायला त्याला काय हवे आहे आणि ते कोणी करायचे?

ही कल्पना शाळेत जन्मली नाही. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातील एलमायरा या गावात 1974 मध्ये दोन तरुणांनी एका रात्रीत 22 ठिकाणी नासधूस केली, तेव्हा एका प्रोबेशन अधिकाऱ्याच्या (न्यायालयाच्या वतीने गुन्हेगारांवर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्याच्या) सूचनेवरून न्यायाधीशांनी त्यांना नुकसान झालेल्या लोकांच्या दारात पाठवले. त्यांनी लोकांचे म्हणणे समोरासमोर ऐकून घेतले आणि ठरलेली भरपाई पुढे चुकती केली. न्यूझीलंडने 1989 च्या कायद्याने अल्पवयीन मुलांच्या गुन्ह्यांत कुटुंबासह बसून तोडगा काढण्याची पद्धत आणली, आणि 1990 च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या शाळांनी ती वर्गातल्या तंट्यांसाठी वापरून पाहिली.

तुम्ही आधी घरी, राग ओसरल्यावर, मुलाशी एकट्याने बोला. ‘असे का केलेस?’ हा प्रश्न टाळा, कारण त्यावर मुले गप्प बसतात किंवा सबब सांगतात. काय घडले, तेव्हा मनात काय चालले होते, कोणाकोणाला त्रास झाला आणि आता काय करावे लागेल, हे याच क्रमाने विचारा आणि उत्तराची वाट पाहा. ही वाट पाहणेच आपल्याला जड जाते. मुलाच्या तोंडी उत्तर घालण्याची घाई आपण सगळेच करतो. त्यानंतर वर्गशिक्षकांना विनंती करा की, त्यांनी दुसऱ्या मुलाशी आणि त्याच्या पालकांशी स्वतंत्रपणे बोलावे. त्याची तयारी नसेल, तर भेट घडवू नये. भरपाई शिक्षकांमार्फतही पोहोचवता येते.

काय मागितले जाईल, हे मोठ्यांनी आधीच ठरवू नये. पेठेतल्या एका शाळेत मी अशा बैठकीला हजर होते. मुलांनी एका मुलीचा डबा पायऱ्यांवरून खाली टाकला होता आणि झाकणाला पोचा पडला होता. आम्हा सर्वांना वाटले की, ती माफी किंवा नवा डबा मागेल. तिने सांगितले की, डबा माझ्याच हातून पडला असे मी आईला सांगितले आणि बोलणी खाल्ली, तर खरे काय झाले ते यांनी येऊन माझ्या आईला सांगावे. मुलांचे चेहरे तेव्हा उतरले. शंभर ओळी लिहून ते उतरले असते, असे मला वाटत नाही. तुमच्या मुलाकडून कदाचित नवी वही मागितली जाईल, कदाचित रविवारी सोबत बसून कागदांना समास आखून देण्याची मदत मागितली जाईल. वहीचे पैसे त्याच्याच खाऊच्या पैशांतून जाऊ द्या.

प्रश्न : माझ्या वर्गात साठ मुले आहेत. प्रत्येक भांडणासाठी गोल करून बसायला वेळ कुठून आणायचा? आणि शिक्षाच नसेल, तर मुले डोक्यावर बसणार नाहीत का?
— एक शिक्षिका, हडपसर

उत्तर : प्रत्येक भांडणाला बैठक लागत नाही. पेन्सिलीवरून झालेली कुरबुर व्हरांड्यात उभ्या उभ्या दोन प्रश्नांत मिटते. धाकाबद्दल म्हणाल, तर शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 17 ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई केली आहे. शिवाय ज्याचे नुकसान केले त्याच्या डोळ्यांत पाहून बोलणे मुलांना मुळीच सोपे वाटत नाही. एक मर्यादा मात्र काटेकोरपणे पाळा. लैंगिक अत्याचाराची शंका असेल, तर समेटाची बैठक कदापि घेऊ नका. 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार अशी माहिती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि 1098 या क्रमांकावर मुलांसाठी मदत मिळते. एखाद्या मुलाला दुसरे कोणी सतत धमकावत असेल, तर धमक्या सोसणाऱ्या मुलाला आधी सुरक्षित करा, आणि बैठकीचा विचार ते मूल स्वतः तयार झाल्यावरच करा.