रकून सिटीच्या पोलीस ठाण्यात उतरण्याआधी

प्रिय दोस्ता,

‘रेसिडेंट ईव्हिल २’ या झोंबींच्या भयगेमचा २०१९चा रीमेक (नव्याने बनवलेली आवृत्ती) आधी खेळ, १९९८चा मूळ गेम नंतर. उलट क्रमाने गेलास तर जुन्या कंट्रोल्सना वैतागून तासाभरात सोडून देशील, आणि मग तुलना राहूनच जाईल.

पीसी जुना असेल तर एक काम आधी कर. २०२२च्या अपडेटपासून रीमेक डायरेक्टएक्स १२ (ग्राफिक्स चालवणारं सॉफ्टवेअर) वर चालतो आणि साध्या ग्राफिक्स कार्डावर अडखळतो. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाच्या अ‍ॅपमध्ये गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘बीटाज’मध्ये जाऊन डायरेक्टएक्स ११ची आवृत्ती निवड. पहिल्यांदा ‘स्टँडर्ड’ या मधल्या काठिण्य पातळीवरच खेळ. ‘हार्डकोअर’ या अवघड पातळीत ऑटोसेव्ह नाही, सेव्ह करायला शाईची रिबन खर्च होते. कोल्हापुरात जुलैच्या पावसात लाईट गेली की मागच्या सेव्हपासूनचं सगळं गेलं. इन्व्हर्टर असेल तरच त्या वाटेला जा.

आता खरी गोष्ट, गोळ्यांची. झोंबी पडला म्हणजे मेला असं समजू नकोस. डोकं फुटलं नसेल तर तो पुन्हा उठतो. त्याला मारायचा हट्ट नको. थांब, नेमाचं वर्तुळ आवळू दे, गुडघ्यावर गोळ्या घाल, तो कोसळला की बाजूने निघून जा. ज्या बोळातून वारंवार जावं लागतं तिथेच झोंबी पुरता संपव, आणि तिथल्या खिडक्यांना फळ्या ठोक. लिकर नावाचा लांब जिभेचा राक्षस आंधळा असतो, आवाजावर येतो. त्याच्याजवळून धावायचं नाही, हळू चालायचं.

बॅगेत सुरुवातीला आठच खण असतात. किल्लीवर लाल खूण आली की तिचं काम संपलं, टाकून दे. नकाशात लाल दिसणाऱ्या खोलीत अजून काहीतरी उरलंय, निळी झाली की रिकामी. राजारामपुरीच्या गल्ल्या जशा नंबरावरून डोक्यात बसतात, तसं गेममधलं हे पोलीस ठाणं बसायला हवं. कारण ठाण्यावर आदळलेल्या हेलिकॉप्टरची आग विझवल्यावर मिस्टर एक्स नावाचा धिप्पाड राक्षस मागे लागतो, तेव्हा नकाशा उघडून विचार करायला उसंत नसते. हेडफोन लाव, पावलांचा आवाज कोणत्या बाजूने येतो ते ऐक. तो मरत नाही, फक्त थोडा वेळ गुडघ्यावर बसतो, म्हणून गोळ्या वाया घालवू नकोस. मुख्य हॉलमध्ये टाइपरायटर, म्हणजे सेव्ह करायची जागा, असली तरी मिस्टर एक्स तिथे येतो. डार्करूममध्ये (फोटो धुण्याच्या खोलीत) येत नाही.

मग मूळ गेमकडे ये. तिथे कॅमेरा खोलीच्या कोपऱ्यात खिळलेला असतो आणि वळणावर अचानक कोन बदलतो. ‘वर’ दाबलं की पात्र त्याचं तोंड असेल तिकडेच जातं. म्हणून कोन बदलला तरी चाल तुटत नाही. अर्धा तास हात बसू दे. पुढे काय आहे ते कॅमेरा दाखवत नाही, झोंबीचं कण्हणं मात्र ऐकू येतं. ही भीती रीमेकच्या खांद्यावरच्या कॅमेऱ्यात नाही, ती वेगळ्या जातीची आहे.

आणखी एक गोष्ट रीमेकने गाळली, ती मला आजही खटकते. मूळ गेममध्ये लिऑन आणि क्लेअर ही दोन पात्रं एकामागून एक खेळता येतात, आणि पहिल्या पात्राच्या कथेतले निर्णय दुसऱ्याच्या कथेत उतरतात. तळघरातल्या शस्त्रांच्या खोलीत मशीनगन आणि जादा बॅग दोन्ही असतात. पहिल्याने दोन्ही उचलली तर दुसऱ्याला काहीच मिळत नाही. लिऑनने सुरुवात केलीस तर मशीनगन घे आणि बॅग क्लेअरसाठी तिथेच सोड.