खडा टोमॅटोमुळे नाही झाला, ताई

"टोमॅटो सोडला, पालक सोडला, दूधसुद्धा सोडलं, तरी परत मुतखडा झाला, आणि आता डॉक्टर म्हणतात वजन कमी करा. वजनाचा आणि खड्याचा काय संबंध हो?"

आहार समुपदेशक म्हणून हा प्रश्न मला सारखा येतो. ऐरोलीच्या एक ताई आल्या होत्या, वय ४१, वजन ८८ किलो, लग्नात ५६ होतं म्हणे. दीड वर्षात दुसऱ्यांदा कळ आली, रात्री दोन वाजता रिक्षात घालून न्यावं लागलं, सांगतानाच डोळे भरून आले त्यांचे. घरी सासूबाईंची पानफुटीची पानं चालू आणि शेजारणीने सांगितलं म्हणून कीटो (भात-पोळी जवळजवळ बंद असलेलं डाएट) पण चालू, रोज चिकन.

रिपोर्ट बघितला तर यूरिक अ‍ॅसिडचा खडा, लघवीचा पीएच ५, म्हणजे चांगलीच अ‍ॅसिडिक. म्हटलं, ताई, इथेच आहे संबंध. पोट सुटतं तसं शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, मग किडनीत अमोनिया कमी बनतो आणि लघवी जास्त अ‍ॅसिडिक राहते, अशा लघवीत यूरिक अ‍ॅसिड विरघळतच नाही, त्याचे खडे होतात. २००५ साली अमेरिकेत जवळपास अडीच लाख लोकांचा अभ्यास छापून आला, त्यात १०० किलोच्या वरच्या पुरुषांना खड्याचा धोका ६८ किलोच्या खालच्यांपेक्षा ४४ टक्के जास्त, बायकांमध्ये तर ९० टक्क्यांच्या आसपास.

टोमॅटोवर बिचाऱ्याचा उगाच आळ. आणि दूध सोडणं तर उलटंच, जेवणातलं कॅल्शियम ऑक्झलेटला (पालकासारख्या भाज्यांतला, खडे करणारा घटक) आतड्यातच धरून ठेवतं, म्हणून दही-ताक परत सुरू करायला लावलं. कीटो त्याच दिवशी बंद, कारण इतकं मांस खाल्लं की यूरिक अ‍ॅसिड वाढतं आणि लघवी अजून अ‍ॅसिडिक होते. पापड-लोणचं कमी केलं, मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत.

पाण्याचं मात्र मला खरंच वाईट वाटलं. राम मारुती रोडला दुकानात दिवसभर उभ्या, तिथे बायकांना टॉयलेट नाही, म्हणून सकाळी ऐरोलीहून लोकल पकडल्यापासून घरी येईपर्यंत दोन-तीन घोटच पाणी. लघवी दिवसाला दोन-अडीच लिटर व्हायला हवी, ती होणार कुठून? शेवटी मालकाशी बोलून बाजूच्या क्लिनिकचं टॉयलेट वापरायची सोय करून घेतली त्यांनी.

लघवीतलं अ‍ॅसिड कमी करायला डॉक्टरांनी पोटॅशियम सायट्रेट दिलं होतं, ते चालूच ठेवलं. महिन्याला दीड किलोच्या वर उतरवायचं नाही असं ठरलंय. सात महिन्यांत ९ किलो उतरलंय, परवा सोनोग्राफी झाली, नवीन खडा नाही.