बायबलमधल्या उताऱ्यावर पियानोसाठी शब्दांविना रचना कशी करावी?

बायबलमधला एखादा उतारा मनात बसला आणि त्यावर फक्त पियानोसाठी रचना करायची, तर सुरुवात कुठून करावी, असं तुम्ही विचारलंय. मी उताऱ्याच्या बांधणीपासून करतो. त्यातली दृश्यं नंतर.

एलीया संदेष्ट्याच्या गोष्टीवर (बायबलमधलं १ राजे हे पुस्तक, अध्याय १९) मी रचना केली आहे, तिच्यावरूनच सांगतो. ईजबेल राणीच्या भीतीने पळालेला एलीया होरेब डोंगरावरच्या गुहेत मुक्काम करतो. सोसाट्याचा वारा सुटतो, मग भूकंप, मग अग्नी. तिन्हींत परमेश्वर नाही. त्यानंतर येते ती मंद वाणी. वाचताक्षणी हात खर्जातल्या गडगडाटाकडे धावतो आणि सगळी रचना वादळच खाऊन टाकतं. पण नीट वाचा. वादळाआधी देव विचारतो, एलीया, तू इथे काय करतोस? वाणीनंतर पुन्हा तोच प्रश्न, आणि एलीयाचं उत्तरही जसंच्या तसं: मी एकटाच उरलोय, माझ्याही जिवावर उठलेत. एवढं सगळं घडून गेलं तरी माणसाचं गाऱ्हाणं तेच! पूर्ण अध्यायात मला हीच जागा सगळ्यात जास्त हलवते. रचनेचा सांगाडा मला इथे मिळाला. एलीयाची धून दोन्ही वेळा सूर न् सूर तीच ठेवली, फक्त डाव्या हातातले कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सुरांचे गट, बदलले. आधी उदास वाटणारा डी मायनर, नंतर त्याच सुरांखाली उजळ वाटणारा बी फ्लॅट मेजर.

धून सुचत नसेल तर अठराव्या शतकातल्या हायडन या संगीतकाराकडे बघा. १७८०च्या दशकात त्याला स्पेनमधल्या कादिथ शहरातून गुड फ्रायडेसाठी काम आलं: येशूच्या क्रूसावरच्या सात उद्गारांवर सात संथ रचना, प्रत्येकी साधारण दहा मिनिटांच्या, नुसत्या वाद्यांसाठी. त्याने प्रत्येक भागाची मुख्य धून त्या लॅटिन वचनावर बेतली. पहिल्या व्हायोलिनच्या सुरांखाली ते शब्द लिहिलेले आहेत. गाणारं मात्र कुणी नाही. पियानोसाठीचं रूपांतरही १७८७मध्ये त्याच्या पसंतीने निघालं. तुम्हीही मराठी ओळ मोठ्याने म्हणा, आवाज कुठे चढतो, श्वास कुठे थांबतो ते ऐका आणि वहीत सुरांखाली अक्षरं मांडा.

वारा, भूकंप, अग्नी यांना मी थोडक्यात आटोपलं आणि एकालाही मूळ कॉर्डवर, म्हणजे जिथे संगीत विसावल्यासारखं वाटतं तिथे, टेकू दिलं नाही. मंद वाणीसाठी नुसतं हळू वाजवणं मला पुरेसं वाटत नाही. खर्जातल्या डी सुराची पट्टी आवाज न करता अलगद दाबून धरा. मग वरच्या सप्तकातला डी ठसक्यात वाजवून लगेच सोडा. खालची तार मोकळी असल्याने ती सतारीच्या तरफेसारखी आपोआप झंकारते. हातोडी न लागता निघालेला तो सूर म्हणजे माझ्यासाठी ती वाणी. यासाठी खऱ्या तारांचा पियानो हवा. साध्या डिजिटल पियानोवर हे बहुधा जमत नाही.

शेवट वाणीवर करायचा मोह होतो, पण अध्याय तिथे थांबत नाही. देव एलीयाला आल्या वाटेने दमास्कसच्या रानाकडे परत पाठवतो, कामं सोपवतो. म्हणून माझं शेवटचं पान चालण्याच्या लयीत आहे, डाव्या हातात एकसारखी पावलं.

तुमचा उतारा कोणता, ते लिहा. स्तोत्र असेल तर बांधणी वेगळी निघेल. तिथे एका ओळीतला विचार पुढच्या ओळीत पुष्कळदा दुसऱ्या शब्दांत येतो, आणि ती जोडी दोन हातांत छान वाटून घेता येते.