बिझनेस क्लासमध्ये दारू खरंच फुकट असते का, आणि कितीही मागता येते का?

तुम्ही विचारलंय की मुलाने अमेरिकेचं बिझनेस क्लासचं तिकीट पाठवलंय, त्यात दारू फुकट असते म्हणतात ते खरं का, किती मागता येते, आणि मागितली तर आजूबाजूचे लोक गावंढळ समजतील का. तर भाऊ, मी वर्धा जिल्ह्यातला, आर्वीकडचा, कापूस-तूर करणारा माणूस, अमेरिकेला आजवर एकदाच जाऊन आलो. जाताना बिझनेसमध्ये आणि येताना मागे इकॉनॉमीत, त्यामुळे दोन्हीकडचं पाहून झालंय. तिकीट बहिणीच्या घरून आलं होतं, आईचे गुडघे गेलेले म्हणून जावयाने तिला झोपून जाता येईल अशी सीट काढली आणि तिच्यासोबत मी.

तर हो, फुकट असते. म्हणजे तिकिटातच धरलेली असते, वरून एक पैसा लागत नाही, टीप पण द्यायची नाही. पण एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा, नागपूर-मुंबई किंवा नागपूर-दिल्ली असं देशातलं विमान असेल तर तिथे दारू नसतेच, मग तुमची सीट पुढची असो का मागची. आमच्याकडचा एक जण नागपूरहून दिल्लीला जाताना बियर मागून बसला होता, त्याला ज्यूसचा डबा मिळाला. आंतरराष्ट्रीय विमानातच मिळते, आणि तिथेही सगळीकडे नाही. सौदीची सौदिया, कुवेत एअरवेज, रॉयल ब्रुनेई यांच्याकडे फर्स्ट क्लासचं तिकीट काढलं तरी मिळणार नाही. नागपूरवरून शारजाला जाणाऱ्या एअर अरेबियातही नाही. तुम्ही कोणत्या कंपनीने चालले ते लिहिलं नाही, म्हणून सांगून ठेवलं. एमिरेट्स, कतार, एअर इंडिया, लुफ्थान्सा यांच्या लांबच्या विमानात मागच्या इकॉनॉमीत पण फुकटच असते, फरक एवढाच की मागे व्हिस्की 50 मिलीच्या चिमुकल्या बाटलीत येते (आपल्या पव्व्यात तशा साडेतीन बसतील) आणि ग्लास प्लॅस्टिकचा. पुढे ती लोकं मोठी बाटली घेऊन येतात, लेबल दाखवतात, काचेच्या ग्लासात ओततात, आणि चकना म्हणून काजू-बदाम चक्क गरम करून चिनीमातीच्या वाटीत. गरम काजू हातात घेतल्यावर मला पहिले वाटलं की चुकून उन्हात राहिले असतील.

आता आमची गंमत सांगतो. वर्ध्यात 1974 पासून दारूबंदी आहे हे तुम्हाला माहीतच असेल, गांधीजींचा जिल्हा. म्हणजे मिळत नाही असं नाही, पण जी मिळते ती कोणाच्या तरी बांधावर, अंधारात, दबक्या आवाजात, आणि दुप्पट भावाने. अशा जिल्ह्यातून निघालेला माणूस नागपूरच्या विमानतळावरून दोहाच्या विमानात (तिथून पुढे शिकागो) जाऊन बसतो आणि एक पोरगी हसतमुखाने मेनूकार्ड हातात देते, त्यात जेवणाचं एक पान आणि पिण्याची चार पानं. जमिनीवर असताना आम्हाला पुदिना-लिंबू टाकलेलं सरबतच मिळालं, खरी गाडी वर गेल्यावर आली. आणि बाजूला कोण, तर आई, अडुसष्ट वर्षांची, गळ्यात तुळशीची माळ, पंढरीची वारी चार वेळा केलेली. मी तिच्यासमोर कधी तंबाखू पण मळली नाही.

एअर होस्टेस ट्रे घेऊन आली, त्यात पिवळसर बुडबुड्यांचे ग्लास. मी बावळटासारखा एक उचलला. आई म्हणते, "काय देऊन राहिली ते बाई?" मी म्हटलं, "काही नाही माय, सरबत व्हय." तर तिने हात पुढे केला, "मंग मले बी दे न." आता सांगा काय करायचं! मी तो ग्लास तोंडाला लावून एका दमात खाली केला आणि म्हटलं हे आंबट आहे, तुले सोसणार नाही. आंबट होतं हे मात्र खरं. मला आपलं वाटायचं शॅम्पेन म्हणजे गोड असेल, लग्नात-मॅचमध्ये उडवतात ती. पण बाटलीवर ब्रूट लिहिलेलं असलं की ती कोरडी, एका लिटरला 12 ग्रॅमपेक्षा कमी साखर. तुम्हाला गोड आवडत असेल तर जेवणानंतरची डेझर्ट वाईन असते ती मागा, नुसतं नाव सांगितलं की देतात. आणि शॅम्पेन हे नाव फ्रान्समधल्या त्या एकाच भागात बनणाऱ्या वाईनला चालतं, आपल्या नाशिककडे बुडबुड्यांची बनते तिला स्पार्कलिंग म्हणायचं.

मग आईसाठी काय मागावं, तर मेनूत टोमॅटो ज्यूस दिसला. मी सांगितला, तर होस्टेसने विचारलं व्होडका टाकून देऊ का, म्हणजे ब्लडी मेरी. मी इतक्या जोरात नो नो म्हटलं की समोरच्या गोऱ्याने वळून पाहिलं. आई तो ज्यूस दोन ग्लास प्यायली आणि म्हणे, "टमाट्याचं थंडं सार कोणी देते काय, पण बरं लागून राहिलं." मला नवल वाटलं, घरी ती टोमॅटोला हात लावत नाही. नंतर वाचलं तर याला कारण आहे. विमानातली हवा एकदम कोरडी असते, आर्द्रता बरेचदा 20 टक्क्यांच्या पण खाली, आपल्याकडच्या मे महिन्यातल्या दुपारसारखी, नाक सुकतं आणि गोड-खारट कमी लागतं. त्यात इंजिनाचा घुरघुर आवाज. 2015 मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाने तपासलं की एवढ्या आवाजात गोड कमी लागतं आणि टोमॅटोमध्ये असते ती उमामी, म्हणजे सार-रश्श्यासारखी खमंग, चव जास्त लागते. म्हणून महागडी वाईन वर पांचट वाटली तर तिला नावं ठेवू नका, जीभच तुमची अर्धी झोपलेली असते.

आता किती मागायची. कार्डावर आकडा लिहिलेला नसतो, संपली की परत विचारतात. पण ग्लास मोजणारं कोणीतरी असतंच, डोळे लाल झाले, आवाज चढला की ती पोरगी गोड बोलून पाणी आणून देते आणि बाटली परत येत नाही. तो तिचा अधिकार आहे, तिथे वाद घालू नका. नोव्हेंबर 2022 मध्ये न्यूयॉर्क-दिल्ली विमानात बिझनेस क्लासमध्येच एका प्यालेल्या माणसाने म्हाताऱ्या बाईच्या अंगावर लघवी केल्याचं प्रकरण पेपरात गाजलं होतं ना, त्यानंतर सगळे जरा जास्तच सावध झाले. आपल्या डीजीसीएच्या (विमान वाहतुकीवर नजर ठेवणारं सरकारी खातं) 2017 च्या नियमांप्रमाणे नुसती शिवीगाळ केली तर 3 महिन्यांपर्यंत विमानबंदी, धक्काबुक्की केली किंवा नको तसा हात लावला तर 6 महिन्यांपर्यंत, आणि विमानालाच धोका होईल असं काही केलं तर कमीत कमी 2 वर्षं. आणि स्वतःजवळची ड्युटी फ्रीची बाटली वर फोडून प्यायची नाही, ते चालत नाही.

पण मला खरं सांगायचंय ते हे की वर ती चढते वेगळी. विमान 35-40 हजार फुटांवर असलं तरी आतला दाब साधारण 6 ते 8 हजार फुटांच्या डोंगरावर असतो तसा ठेवतात. आपलं चिखलदरा साडेतीन हजार फुटांच्या थोडं वर, म्हणजे तुम्ही चिखलदऱ्याच्या दुप्पट उंचीवर बसून पिऊन राहिले असं समजा. 2024 मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी 48 जणांवर प्रयोग केला, काहींना तसा दाब ठेवलेल्या खोलीत दारू पाजून झोपवलं, तर त्यांचा ऑक्सिजन 85 टक्क्यांच्या आसपास उतरला आणि नाडी झोपेत पण 88 च्या घरात. आठवतं का, कोरोनात 94 च्या खाली आकडा गेला की आपण गाडी काढून सेवाग्रामच्या दवाखान्यात पळत होतो. ते सगळे तरणेताठे, तब्येतीचे लोक होते, तुमचं वय लिहिलं नाही पण मुलगा कमावता आहे म्हणजे साठीकडे असाल. बीपीची गोळी चालू असेल, हृदयाचं काही असेल किंवा झोपेची गोळी घेत असाल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय हात लावू नका. झोपेची गोळी आणि दारू तर एकत्र बिलकुल नाही.

मी काय केलं, तर आई झोपल्यावर दोहा-शिकागोच्या विमानात दोन व्हिस्की घेतल्या, जेवणासोबत एक वाईन, आणि सीट आडवी करून झोपलो. दोन तासांत डोकं ठणकून उठलो, तोंडाला कोरड, नाकात खपली. उरलेले दहा-अकरा तास नुसतं पाणी मागत होतो. येताना इकॉनॉमीत एकच बियर घेतली आणि एका ग्लासामागे दोन ग्लास पाणी, काही त्रास नाही. तुम्ही पण असंच करा, आणि पहिली जेवणासोबतच घ्या, रिकाम्या पोटी नको.

लाजेचं म्हणाल तर तिथे कोणी कोणाकडे बघत नाही. नाव वाचता नाही आलं तर कार्डावर बोट ठेवायचं, झालं. मला आईची लाज होती तेवढीच, आणि ती पण फुकटच गेली. शिकागोला बहिणीच्या घरी चहा पिताना आई मध्येच म्हणते, "तुहा बाप बी मले औषधच म्हणे." बहीण हसून हसून खाली बसली, मी कप घेऊन बाहेर.

एक राहिलं, परत येताना. भारतात येताना माणशी 2 लिटर दारू ड्युटी न भरता आणता येते, जावई म्हणत होता दोन बाटल्या घेऊन जा काकांसाठी. पण भाऊ, ती सूट कस्टमची. बुटीबोरीच्या पुढे निघालं की वर्धा जिल्हा लागतो आणि तिथे नाक्यावर पोलिसाला तुम्ही कस्टमचा नियम समजावून सांगणार का? तुम्ही नागपूरचे असाल तर आणा खुशाल, बिल सोबत ठेवा. मी दोहाच्या ड्युटी फ्रीमधून दोन किलो खजूर आणले, ते काकांनी तोंड वाकडं करून खाल्ले.