पथकर, शुल्क की पट्टी?

प्रश्न असा आला आहे: विजेवर चालणाऱ्या गाड्यांकडून किलोमीटरमागे पैसे घ्यायचे, तर त्याला मराठीत 'पथकर' म्हणावं का?

शब्द चांगला आहे, पण त्याची जागा भरलेली आहे. पथकर म्हटलं की नाका, रांग आणि आडवा दांडाच डोळ्यांपुढे येतो. इथे पैसे अंतराचे आहेत, रस्ता कुठलाही असो. शिवाय त्यातला 'कर' नडतो. कराच्या बदल्यात अमुकच मिळेल असं नसतं; शुल्क कशाचं तरी असतं, प्रवेशाचं, परीक्षेचं, वापराचं.

पेट्रोलवाला रस्त्याचे पैसे इंधनावरच्या करातून देतोच. गाडी जितकी पळेल, तितका कर. नाव कराचं, वागणं शुल्काचं. विजेच्या गाडीने ही गाठ सुटली, म्हणून तर नवं नाव शोधायची वेळ आली.

हा नुसता शब्दांचा कीस नाही. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने जुलै २०२१पासून विजेच्या गाड्यांना किलोमीटरमागे २.५ सेंट लावले. नाव दिलं 'चार्ज', म्हणजे वीजबिलात असतो तसा 'आकार'. २०२३मध्ये तिथल्या हाय कोर्टाने (तेच तिथलं सर्वोच्च न्यायालय) चार विरुद्ध तीन मतांनी तो रद्द केला. नाव काही असो, हा 'एक्साइज' आहे, आणि एक्साइज बसवायचा अधिकार राज्यांना नाही. आता एक्साइजला आपण म्हणतो 'उत्पादन शुल्क'. हा निकाल मराठीत सांगायचा तर गाडी चालवणं हेच उत्पादन ठरतं! आणि जो चक्क कर आहे, त्याला शुल्क म्हणून आपण मोकळे. तेव्हा 'शुल्क'ही फारसं सोवळं नाही.

नेमका शब्द खरं तर कौटिल्याकडे आहे: वर्तनी. अर्थशास्त्रात सरहद्दीवरचा अधिकारी, अंतपाल, मालाच्या वाहनामागे सव्वा 'पण' (तेव्हाचं नाणं) वर्तनी घेतो, गुरामागे अर्धा, खांद्यावरच्या ओझ्याला एक माषक, म्हणजे त्याहून लहान नाणं. वाटेत माल हरवला किंवा चोरीला गेला, तर भरपाई त्यानेच करायची. घेतलेल्या पैशांची इतकी रोखठोक जबाबदारी! पण आज वर्तनी म्हटलं की हिंदीतलं शुद्धलेखन आठवतं, त्यामुळे तो शब्द गेला.

माझं मत: कागदोपत्री 'रस्ता वापर शुल्क' ठेवावं, बोलण्यात 'रस्तापट्टी'. घरपट्टी, पाणीपट्टी जिभेवर आहेतच, आणि मीटर पाहून पट्टी आकारणं पाण्यामुळे ओळखीचं आहे. रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांशी घोटाळा होईल असं कुणी म्हणेल. पाणीपट्टीत कुणाला पट्टी दिसते? न्यूझीलंडमध्ये डिझेलच्या गाड्या हजार-हजार किलोमीटर आगाऊ विकत घेतात, एप्रिल २०२४पासून विजेच्याही. तिथल्या मराठी माणसाला 'रस्तापट्टी भरलीस का?' विचारा, तो हो किंवा नाही म्हणेल. 'पथकर भरलास का?' विचारलंत, तर तो विचारेल, कुठल्या नाक्यावर?