पहिल्याच 1/24 (खऱ्या गाडीच्या चोविसाव्या भागाएवढ्या) मॉडेल कार किटमध्ये भरपूर डिटेल आणायचं, तर फोटोएच आणि एअरब्रश घ्यावाच लागतो का?

फोटोएच, म्हणजे पातळ पत्र्यातून कोरलेले बारीक भाग, नको. एअरब्रश असला तर बरं, नसला तर स्प्रे कॅनवरही गाडी छान होते. तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथंच संपलं. पण तुम्ही पुढे लिहिलंय, "किटमध्ये पूर्ण इंजिन आहे, त्यामुळे सुरुवात तिथूनच करणार आहे." हे वाचलं आणि माझी जुनी जखम ठणकायला लागली.

माझे भावोजी विमानांची मॉडेलं करतात. हात सोन्याचा, पण तोंडात एकच वाक्य: "बॉनेट बंद झाल्यावर कोणाला दिसणार आहे?" माझ्या तिसऱ्या किटच्या वेळी हे इतक्यांदा ऐकलं की मी हट्टालाच पेटलो. म्हटलं, असं इंजिन करतो की बॉनेट बंद करायची यांचीच इच्छा होणार नाही.

इंजिन सहा सिलिंडरचं होतं. किटमधला डिस्ट्रिब्युटर (प्लगना वीज वाटणारा भाग) म्हणजे नुसता गुळगुळीत खुंट. त्यावर पिन व्हाइसने, म्हणजे हाताने फिरवायच्या बारीक ड्रिलने, सात भोकं पाडली, सहा प्लगची आणि एक कॉइलचं. खऱ्या गाडीची प्लग वायर 7-8 मिमी जाड असते, 24 ने भागलं की 0.3 मिमी. याहून जाड वायर घेतली तर इंजिनावर दोरखंड पडल्यासारखे दिसतात, एवढं मात्र लक्षात ठेवा. वायरी फायरिंग ऑर्डरप्रमाणे, म्हणजे सिलिंडर पेटतात त्या क्रमाने लावल्या, 1-5-3-6-2-4. कोणी तपासणार नव्हतं, तरी लावल्या. रेडिएटरचे होज सोल्डरिंगच्या तारेचे केले, कारण ती वाकवली तशीच राहते. ब्रेक ऑइलच्या डबीत अर्ध्यापर्यंत पिवळसर रंग भरला. तीन आठवडे गेले, आणि खरं सांगतो, इतकी मजा मला त्यानंतर कुठल्याच किटमध्ये आलेली नाही.

बॉडी मात्र दोन दिवसांत उरकली. फेंडरवरची साच्याची रेघ घासायची राहिली. पॅनल लाइन, म्हणजे दरवाजा-बॉनेटच्या फटींच्या रेघा, खोल केल्या नाहीत. रंग दाट मारला, तो पुरेसा चमकेना म्हणून वर क्लिअरही (पारदर्शक चकाकीचा थर) दाट. मग सगळं जोडलं आणि बॉनेट बसवायला गेलो, तर बसेना. वायरींमुळे एअर क्लीनर केसभर वर आला होता आणि बॉनेटच्या कडांना रंगाचा थर चढला होता. अंगठ्याने जरा दाबलं. टक् आवाज झाला. काचेच्या बाजूचा खांब तडकला होता.

भावोजी आले. मॉडेल हातात घेऊन, फिरवून, शांतपणे बघितलं आणि म्हणाले, "इंजिन झकास झालंय. गाडी कधी करणार?"

बहिणीसमोर म्हणाले, हे वेगळं सांगायला नको.

मी चिडून हिशोब मांडायला बसलो आणि तो माझ्याच अंगाशी आला. मॉडेलवर रंगाचा थर 0.1 मिमी झाला, तर तो खऱ्या गाडीवर जवळपास अडीच मिमी होतो. खऱ्या गाडीचा रंग सगळे थर धरूनही साधारण त्या 0.1 मिमीच्याच आसपास असतो. म्हणजे मी गाडीला रंग नव्हे, गिलावा केला होता. दरवाजाची फट खऱ्या गाडीत चार मिमी असेल, तर मॉडेलवर ती 0.17 मिमी होते. दाट रंगाखाली ती बुजते, आणि एकदा बुजली की गाडी साबणाच्या वडीसारखी दिसते.

म्हणून रंगाआधी लाइनी स्क्रायबरने (कोरायच्या टोकदार हत्याराने) खोल करा. कोट अनेक द्या पण पातळ, आणि लाइनींच्या आतमध्ये काळी नाही, करडी वॉश (खूप पातळ केलेला रंग) सोडा. पांढऱ्या गाडीवर काळी वॉश म्हणजे मुलांची चित्रकलेची वही. बॉडी लाल प्लॅस्टिकची असून वर पांढरा रंग द्यायचा असेल, तर मध्ये चंदेरी थर द्या, नाहीतर लाल वर झिरपून गाडी गुलाबी होऊ शकते. पॉलिशला कडांवर हात हलका ठेवा, रंग तिथेच पहिला उडतो.

फोटोएचचं म्हणाल, तर सीटबेल्टची पट्टी खऱ्यात साधारण 48 मिमी असते, म्हणजे तुमच्या मॉडेलवर 2 मिमी. मास्किंग टेप त्या मापात कापून रंगवा, कापडासारखी दिसते. बकल तेवढे धातूचे हवेसे वाटतील, तेव्हा घ्या. पहिल्याच किटला अख्खा सेट घेऊन त्याचे तुकडे जमिनीवर शोधत बसू नका.

पण म्हणून भावोजी बरोबर होते असं मी लिहून देणार नाही. 1976 मध्ये तामिया या जपानी मॉडेल कंपनीचं 1/12 पोर्शे 934 (911 चीच शर्यतीची आवृत्ती) आलं, त्या किटसाठी कंपनीच्या शुन्साकु तामिया यांनी खरी पोर्शे 911 विकत घेऊन सुटी केली होती. "कोणाला दिसणार आहे" असं त्यांनी विचारलं असतं तर आपल्या हातात पोकळ डबे आले असते. इंजिन करा, वायरीही लावा. फक्त बॉडीचं काम आधी संपवा, आणि प्रत्येक वायर लावली की बॉनेट ठेवून बघा, गोंदाशिवाय. बॉनेटची कड आतून घासून पातळ केली तरी बरीच जागा मिळते. हे मला तेव्हा सुचलं नाही, आणि भावोजींनाही सुचलं नाही, विमानवाल्यांना बॉनेट नसतं.

काचांचं राहिलं. त्यांना सुपरग्लू लावू नका, त्याच्या वाफेने काच पांढुरकी होते. साधा पांढरा गोंद वापरा. लॅकर मारणार असाल तर धुळीचा मास्क उपयोगाचा नाही, सेंद्रिय वाफांसाठीचा फिल्टर असलेला घ्या आणि खिडकी उघडी ठेवा. दमट दिवशी मारूच नका, रंगावर पांढुरकी साय धरते. आणि हे सगळं आधी प्लॅस्टिकच्या चमच्यावर करून बघा, हे खरं तर मी वरच लिहायला हवं होतं.

ते तिसरं मॉडेल अजून माझ्याकडे आहे. खांब चिकटवला, तडा दिसतो. बॉनेट बारीक तारेच्या टेकूवर उघडं ठेवलंय, लोकांना वाटतं मुद्दाम इंजिन दाखवायला. भावोजी मात्र दर वेळी आले की टेकू काढून बंद करून बघतात. अजून बसत नाही.